ट्रक अर्धा चालेल, बिल्टी मात्र स्वतःची हवी

पत्र : आम्ही धायरीत वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. मिस्टरांची बदली नागपूरला झाली आहे. इथला करार ३१ मे रोजी संपतो, नागपूरचं घर १ जूनपासून मिळणार आहे. दोन पॅकर्सकडे चौकशी केली, एकाने ३८ हजार आणि दुसऱ्याने ४१ हजार सांगितले. तिसरा म्हणतो, ‘पार्ट लोडमध्ये टाका, १७ हजारांत पोहोचवतो, पण दिवस सांगता येणार नाही.’ मिस्टरांच्या ऑफिसातलं एक कुटुंब त्याच सुमारास वर्ध्याला चाललं आहे. त्यांचं म्हणणं, दोघांत मिळून एक ट्रक करू आणि भाडं निम्मं-निम्मं देऊ. सासूबाईंना दुसऱ्याच्या सामानात आपलं सामान मिसळणं पटत नाही. त्यांचं पायाचं शिवणयंत्र, देवघर आणि लोखंडी कपाट सोबत न्यायचं आहे. नागपुरात नणंद आहे, आठ-दहा दिवस तिच्याकडे राहता येईल. पैसे तर वाचवायचेच आहेत, पण स्वस्ताच्या नादात सामान अडकलं किंवा मोडलं तर? काय करावं?
– एक वाचक, धायरी, पुणे

ताई, वर्ध्याच्या कुटुंबाबरोबर ट्रक करा. ते जमलं नाही तर स्वतंत्र छोटी गाडी बघा. १७ हजारांच्या पार्ट लोडचा विचार सगळ्यात शेवटी करा. आकडा लहान दिसत असूनही मी तो मागे का टाकते आहे, ते आधी सांगते, म्हणजे घरात समजावणं तुम्हाला सोपं जाईल.

पार्ट लोडमध्ये तुमच्या दारातून निघालेली गाडी नागपूरला जात नाही. आधी छोटा हत्ती किंवा पिकअप येते आणि सामान ट्रान्सपोर्टच्या गोदामात नेऊन उतरवते, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत म्हणा किंवा शहराबाहेरच्या एखाद्या गोदामात. तिथे नागपूरकडे जाणारा बाकीचा माल जमेपर्यंत ते पडून राहतं. मग मोठ्या गाडीत चढतं. नागपूरला बहुतेक वेळा वाडीच्या बाजूच्या गोदामात उतरतं आणि तिथून पुन्हा छोट्या गाडीने तुमच्या घरी येतं. म्हणजे तेच कपाट आणि तोच फ्रिज तीनदा चढवला जातो आणि तीनदा उतरवला जातो. सामान हायवेवर फारसं मोडत नाही, ते मोडतं चढवता-उतरवताना. शिवाय त्या गाडीत तुमच्या गाद्यांशेजारी यंत्राचे सुटे भाग असतील की रंगाचे डबे, हे तुम्हाला कुणी विचारणार नाही.

तरीही पार्ट लोड वाईट असतो असं मी म्हणणार नाही. एकट्या माणसाचे दहा-बारा खोके, एक गादी आणि सायकल असेल, तर त्याच्यासाठी तोच उत्तम मार्ग. संसाराला मात्र तो सोसत नाही. आणि त्या १७ हजारांत काय काय धरलं आहे, हे तुम्ही अजून विचारलेलं दिसत नाही. घरून गोदामापर्यंतची गाडी त्यात आहे का? नागपूरच्या गोदामातून घरापर्यंतची? दोन्ही टोकांची हमाली? पॅकिंगचं सामान? जिन्याचे वेगळे पैसे? हे सगळं मिळवल्यावर तो आकडा बहुधा १७ वर राहत नाही.

वर्ध्याच्या कुटुंबाबरोबर केलेल्या ट्रकमध्ये सामान तुमच्या दारात चढतं आणि नागपूरच्या दारातच उतरतं. मध्ये फक्त वर्ध्याचा थांबा, आणि तिथे तुमच्या वस्तूंना हात लागायचं कारण नाही. वर्धा तुमच्या वाटेवरच आहे, नागपूरच्या अलीकडे ७५ किलोमीटरच्या आसपास. आजकाल बरेचसे ट्रक पुण्याहून अहिल्यानगरमार्गे संभाजीनगर गाठतात आणि तिथून समृद्धी महामार्ग धरतात. समृद्धी वर्धा जिल्ह्यातूनच जाते, त्यामुळे गावात शिरून परत निघायला गाडीला फार वळसा पडत नाही. हेच कुटुंब चंद्रपूरला किंवा यवतमाळला चाललं असतं तर मी दोनदा विचार करायला सांगितलं असतं.

आता पैशाकडे येऊ. खरी बचत ट्रक वाटून घेण्यात आहे, पण त्याहून मोठी बचत परतीची गाडी मिळण्यात आहे. विदर्भातून पुण्यात माल टाकायला आलेली गाडी रिकामी परत गेली तर डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता सगळा मालकाच्या अंगावर पडतो. त्यामुळे परतीचं जे भाडं मिळेल ते त्याला हवं असतं. अशा गाड्या नंबरवरूनच कळतात : एमएच ३१, एमएच ४० किंवा एमएच ४९ म्हणजे गाडी नागपूरची, एमएच ३२ म्हणजे वर्ध्याची. मार्केट यार्डात, ट्रान्सपोर्टनगरीत किंवा चाकणच्या बाजूला त्या उभ्या असतात आणि परतीच्या मालाची वाट बघत असतात. थेट ड्रायव्हरशी सौदा मात्र करू नका. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जा आणि सांगा, ‘नागपूरची रिटर्न गाडी हवी, घरसामान आहे, एक थांबा वर्ध्याला, तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे चालेल.’ ऑफिसवाला थोडं कमिशन घेईल. घेऊ द्या. त्या बदल्यात तुम्हाला बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती मिळते आणि जाब विचारायला एक पत्ता मिळतो.

रिटर्न गाडी पंधरा दिवस आधी पक्की होत नाही, हे लक्षात ठेवा. आपण परत कधी निघणार हे त्या ड्रायव्हरलाच दोन दिवस आधी कळतं. पण तुमच्याकडे दिवस आहेत. घर ३१ मेपर्यंत तुमच्या ताब्यात आहे, नागपूरला नणंद आहे, आणि मुलं राज्य मंडळाच्या शाळेत असतील तर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. नागपूरच्या घरमालकाशी मात्र आजच बोला. घर रिकामं असेल तर चार दिवस आधी सामान ठेवू द्या म्हणावं. त्याने हो म्हटलं तर महिनाअखेर टाळून २५ ते २८ मेच्या दरम्यान, आठवड्याच्या मधल्या वारी सामान पाठवा. करार महिनाअखेरीला संपतात, त्यामुळे ३० आणि ३१ तारखेला हमालापासून ट्रकपर्यंत सगळ्यांचे दर चढलेले असतात. घरमालक नाही म्हणाला तर ३१ ला चढवून १ किंवा २ जूनला उतरवा, भाडं थोडं जास्त जाईल.

फोनवर आकडे विचारत बसण्यापूर्वी एक संध्याकाळ काढा आणि मोजपट्टी घेऊन घरभर फिरा. लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, गुणाकार करा आणि वहीत लिहा. तुमच्या पत्रावरून मी अंदाज केला आहे : मध्यम फ्रिज २३ घनफूट, वॉशिंग मशीन १२, लोखंडी कपाट ३०, सुटा केलेला डबल बेड ३०, गादी १५, शिवणयंत्र ११, स्कूटर असेल तर ५०, आणि दीड फुटी खोके पंचवीस धरले तर ८५ च्या आसपास. बेरीज साधारण २६० घनफूट. वर्ध्याच्या मंडळींचं सोफा धरून ३४० निघालं असं समजू. दोघांचं मिळून ६००. चौदा फुटी गाडीत ५०० च्या आसपास बसतं, सतरा फुटीत ७००. सामानाच्या मध्ये फटी राहतातच, म्हणून सतरा फुटीच सांगा. चौदा फुटीत कोंबायला गेलात की ‘बसत नाही, दुसरी गाडी लागेल’ हे वाक्य ऐन वेळी, अर्धं सामान रस्त्यावर असताना ऐकावं लागतं.

याच आकड्यांवरून भाडं वाटा. ते निम्मं-निम्मं म्हणत आहेत, त्यांच्या मनात वावगं काही नसेल. पण समजा रिटर्न गाडीचं भाडं २४,००० ठरलं, तर घनफुटांप्रमाणे तुमचा वाटा १०,४०० येतो आणि त्यांचा १३,६००. निम्म्याने तुम्ही १६०० रुपये जास्त द्याल. तुमची गाडी वर्ध्याच्या पुढे ७५ किलोमीटर जाते हे ते म्हणू शकतात. गाडी गावात वळते आणि तिथे थांबते ती त्यांच्यासाठी, हे तुम्ही म्हणू शकता. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकमेकींत फिटतात, त्यावरून ताणू नका. हॉल्टिंगचं मात्र आधी बोला. गाडी ठरल्यापेक्षा जास्त वेळ उभी राहिली की मालक हॉल्टिंग लावतो. ज्याच्या दारात उशीर झाला त्याने ते भरायचं, हे एका ओळीत व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि त्यांचा ‘ओके’ येऊ द्या. मिस्टरांना संकोच वाटेल, ऑफिसचा माणूस आहे म्हणून. दोन्ही घरं पुढेही एकमेकांच्या संबंधात राहणार आहेत, म्हणूनच हे सामान चढायच्या आधी बोलून घ्यायला हवं.

त्या १०,४०० मध्ये खोके, बबल रॅप, चिकटपट्टी आणि दोन्हीकडची हमाली मिळवा. हमालीचा दर मजल्यावर आणि लिफ्ट आहे की नाही यावर ठरतो, म्हणून नागपूरच्या घराचा मजला आधीच सांगून ठेवा. हे सगळं धरूनही तुम्ही ३८ हजारांच्या बऱ्याच खाली राहाल. पॅकर्स जे ३८ मागतात त्यातला मोठा भाग पॅकिंगचा आणि माणसांचा असतो, आणि ते काम दोन घरांतली माणसं मिळून आठवडाभरात आरामात करू शकतात.

चढवण्याचा क्रम तुमच्या बाजूचा आहे, पण तो पाळला गेला पाहिजे. जे आधी उतरायचं ते शेवटी चढवायचं. म्हणून गाडी आधी धायरीला तुमच्याकडे आणा. तुमचं सगळं सामान केबिनच्या बाजूला, आत लागू द्या. मग तुमच्या गाद्या उभ्या करून भिंत करा आणि दोरीने आवळा. त्यानंतर गाडी त्यांच्याकडे जाईल आणि त्यांचं सामान दाराच्या बाजूला लागेल. उलटं झालं तर वर्ध्याला तुमचं सगळं घर रस्त्यावर उतरवून परत चढवावं लागेल. तुमच्या प्रत्येक खोक्यावर चारही बाजूंनी मार्करने एकच खूण आणि क्रमांक टाका : ना-१, ना-२ असं. बेडच्या फळ्या, झाडूंचा जुडगा, पंखे, म्हणजे ज्यावर लिहिता येत नाही त्यांना लाल कापडाची पट्टी बांधा. त्यांची पट्टी दुसऱ्या रंगाची. आणि वर्ध्याला सामान उतरताना तुमच्या घरचं एक माणूस तिथे असू द्या. मिस्टर आदल्या रात्रीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघाले तरी चालेल, ती पुण्याहून वर्ध्यामार्गे नागपूरलाच जाते. ड्रायव्हरच्या फोनचा अंदाज घेऊन ते वर्ध्याला उतरतील आणि पुढे गाडीबरोबर येतील.

सासूबाईंची काळजी मला खोटी वाटत नाही. मिसळलेलं सामान हरवतं, त्यांनी बघितलेलंही असेल. त्यांना या खुणा दाखवा, यादी त्यांच्याच हातात द्या. नग मोजायचं काम त्यांच्याइतकं काळजीने दुसरं कोणी करणार नाही.

आता बिल्टी. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ट्रक एक असला तरी बिल्ट्या दोन करून घ्या, एक तुमच्या नावाची आणि एक त्यांच्या. दोन्हींवर गाडीचा नंबर तोच. तुमच्या बिल्टीवर पाठवणारा आणि घेणारा म्हणून मिस्टरांचं नाव, दोन्ही पत्ते, ‘वापरलेलं घरगुती सामान’ हे शब्द, नगांची संख्या आणि तुमच्या वाट्याचं पूर्ण भाडं. दोघांची मिळून एकच बिल्टी झाली आणि ती त्यांच्या नावावर असली, तर उद्या तुमचा फ्रिज फुटल्यावर तुमच्याकडे कागदच नसतो.

पूर्ण भाडं लिहून घ्या असं म्हणते त्याला कारण आहे. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे. त्याखालच्या नियमांनुसार, तुम्ही जादा दर देऊन मालाची जास्त जोखीम वाहतूकदारावर टाकलेली नसेल, तर नुकसानीची त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. बिल्टीवर १०,४०० लिहिले असतील तर ती मर्यादा एक लाख चार हजार होते, आणि तुमच्या संसाराला ती बऱ्यापैकी पुरते. पण ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, ‘ताई, बिल्टीवर तीनच हजार दाखवू, टॅक्स वाचेल’, आणि तुम्ही हो म्हणालात, की तुमच्या हातातला कागद तीस हजारांचाच बोलतो. थोड्या टॅक्ससाठी हा सौदा करू नका. बिल्टीवर ‘ॲट ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असा शिक्का मारलेला असेल तर त्याबद्दल विचारा आणि तो काढून दुसरी बिल्टी मागा.

विम्याचंही तसंच. पॅकर्स ‘इन्शुरन्स’ म्हणून सामानाच्या किमतीवर काही टक्के लावतात आणि पावतीवर एक ओळ लिहितात. ती ओळ म्हणजे विमा नव्हे. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि तुमचं नाव असलेला कागद आला तरच पैसे द्या. तुमच्या सामानात महाग म्हणावं असं फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टीव्ही सोडून फारसं दिसत नाही. दागिने, कागदपत्रं आणि लॅपटॉप स्वतःजवळ ठेवलेत, तर तुमच्यासाठी विम्यापेक्षा नीट बांधणं जास्त उपयोगाचं.

कुणी ई-वे बिलाच्या, म्हणजे जीएसटीखालच्या माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याच्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. टोल भाड्यात धरला आहे का, हे मात्र स्पष्ट विचारा. समृद्धीचा टोल मोठा असतो. तो धरला नसेल तर ड्रायव्हर जुन्या रस्त्याने जाईल आणि दिवस वाढेल, किंवा नागपूरला उतरताना पावत्यांचा गठ्ठा पुढे करेल.

तुमची मुख्य भीती सामान अडकवण्याची आहे. तसं होतं, पण त्याची एक ठरलेली पद्धत असते. फोनवर सगळ्यांपेक्षा कमी आकडा सांगतात, घर बघायला कुणी येत नाही, सामान चढवतात आणि मग ‘माल जास्त निघाला’ म्हणून दुप्पट मागतात. नाव बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावासारखंच ठेवलेलं असतं. म्हणून ऑफिस कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा, जीएसटी क्रमांक घ्या आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतं का तपासा. गाडी दारात आली की सामान चढवण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढा आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीची नोंद पडताळा. पाट्या पिवळ्या हव्यात, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने माल नेऊच शकत नाही. पैसे सगळे आधी देऊ नका. डिझेलपुरता ॲडव्हान्स द्या, बाकी बिल्टीवर ‘टू पे’ म्हणून लिहून घ्या आणि नागपूरला सामान उतरल्यावर द्या. एवढं करूनही कुणी अडवलंच तर भांडत बसू नका. बिल्टी आणि यादी घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

काय न्यायचं नाही, तेही ठरवा. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं कपाट किंवा कॉम्प्युटर टेबल एकदा उघडलं की स्क्रू पुन्हा तसे धरत नाहीत. त्याचं भाडं देण्यापेक्षा इथेच कुणाला तरी द्या. गॅसचा सिलिंडर ट्रकमध्ये ठेवू नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याची पावती घ्या, अनामत परत मिळते. नागपूरला त्याच व्हाउचरवर नवीन जोडणी होते. लोणच्याच्या बरण्या, तेलाचे डबे, फिनेल यांतलं काहीही ट्रकमध्ये नको. मेच्या उन्हात झाकण सैल झालं तर तेल तुमच्या नव्हे, वर्ध्याच्या मंडळींच्या सोफ्यावर जाईल. स्टीलची पिंपं आणि मोठे डबे रिकामे पाठवू नका, त्यांत चादरी, टॉवेल, मुलांचे कपडे भरा. तेवढे खोके वाचतात. पुस्तकं छोट्याच खोक्यात भरा, मोठ्या खोक्यात भरली की तळ निसटतो.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, आतून पुसून दार चिकटपट्टीने बंद करा आणि गाडीत उभाच ठेवायला सांगा. नागपूरला पोहोचल्यावर काही तास तसाच उभा राहू द्या, मग सुरू करा. वॉशिंग मशीन समोरून उघडणारं असेल तर कंपनीने दिलेले ड्रम अडकवायचे बोल्ट शोधा, ते लावल्याशिवाय प्रवास नको. टीव्ही उभा ठेवा, आडवा कधीही नाही. तो दोन गाद्यांच्या मध्ये जाऊ द्या. स्कूटर असेल तर पेट्रोल काढून तीही गाडीतच घ्या. रेल्वे पार्सलनेही जाते, पण ट्रकमध्ये जागा असताना वेगळं पॅकिंग आणि पार्सल ऑफिसची धावपळ कशाला? आणि ताडपत्री गाडीत आहे का, ते स्वतः चढून बघा, फाटकी असेल तर दुसरी मागा. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस कधीही गाठतो.

लोखंडी कपाट रिकामं करून कुलूप लावा. आरसा सुटा होत असेल तर काढून चादरीत गुंडाळा. हँडलवर दोरी आवळू देऊ नका, ते वाकतं आणि मग दार नीट बसत नाही. देवघर छोटं असेल तर मूर्ती आणि टाक सासूबाई स्वतःजवळ ठेवतील. लाकडी देव्हारा गोधडीत बांधून शेवटी, सगळ्यांच्या वर ठेवा.

पायाच्या शिवणयंत्राचं डोकं आणि स्टँड वेगळे करा. डोकं दोन बिजागऱ्यांवर बसलेलं असतं. खालचे दोन स्क्रू सैल केले की ते अलगद वर निघतं. बॉबिन, सुया आणि ते स्क्रू एका पिशवीत घालून पिशवी डोक्यालाच बांधा. डोकं बिडाचं आणि जड असतं. ते गोधडीत गुंडाळून छोट्या खोक्यात तळाशी ठेवा, त्यावर फक्त कपडे. चामड्याचा पट्टा काढून ठेवा, नाहीतर चाक फिरत राहतं आणि पट्टा तुटतो. स्टँड बिडाचं असतं, आपटलं तर तडकतं, म्हणून ते बेडच्या फळ्यांना टेकवून बांधा, कडेला सुटं नको.

आणि नागपूरला गाडी आली की हमाल घाई करतील, ड्रायव्हर सही मागेल. सासूबाई यादी घेऊन दारात बसू द्या. ना-१ पासून शेवटच्या नगापर्यंत टिक झाल्याशिवाय बिल्टीवर सही करू नका. एखादा नग कमी असेल किंवा काही फुटलेलं दिसलं तर बिल्टीवरच तसं लिहा, ड्रायव्हरच्या प्रतीवरही तेच लिहा, त्याची सही घ्या, फोटो काढा आणि मगच बाकी भाडं द्या. खोके महिनाभर उघडले गेले नाहीत आणि नंतर काही आढळलं, तरी वाट आहे : त्याच कायद्यानुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून बिल्टी फेकू नका, दिवाळीपर्यंत तरी कपाटात राहू द्या.